गाडी किती देते

इंधन वाचवणे हे माणसाचे नैतिक कर्तव्य आहे. जमिनीच्या पोटात लाखो वर्षे मुरत पडलेली वस्तू आपण अंबाडी रोडच्या सिग्नलला उभे राहून, गाणी ऐकत, जाळून टाकावी यासारखा कृतघ्नपणा नाही. गेली कित्येक वर्षे मी हे कर्तव्य पाळत आलो आहे, आणि कोणी कारण विचारले तर वरची दोन वाक्ये सांगतो. ऐकणारा गंभीर होतो. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाकडून लोकांची तेवढी अपेक्षा असते.

खरे कारण माझे भावोजी आहेत.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. इमारतींना खडी-रेती पुरवण्याचा त्यांचा धंदा. वसई-विरारमध्ये गेल्या वीस वर्षांत जितक्या इमारती उभ्या राहिल्या तितक्या गाड्या त्यांनी घेतल्या नाहीत, पण दिशा तीच होती: प्रत्येक पुढची आधीच्यापेक्षा उंच. आम्ही दोघेही वसईजवळच्या सांडोर गावचे. त्यांच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये केळीच्या दोन वाड्या आहेत आणि त्यांतून जाणारी एक गल्ली. ती बैलगाडीच्या मापाने झालेली. भावोजींची डिझेलवर चालणारी सात माणसांची गाडी तिथे वळत नाही, म्हणून रोज सकाळी ते मोठ्या रस्त्यापर्यंत उलटे जातात. मागे जाताना गाडीची एक धून वाजते. गावातल्या कोंबड्या ती ओळखतात.

रविवारी चर्चमध्ये ते शेवटच्या आशीर्वादाच्या आधी बाहेर पडतात. त्यांची श्रद्धा कमी आहे असे नाही. गाडी थंड करून ठेवायची असते. इंजिन चालू, एसी चालू, आत कोणी नाही. आम्ही बाकीचे आशीर्वाद घेऊन, ओळखीपाळखीच्यांशी बोलून बाहेर येईपर्यंत ती रिकामी गाडी वीस मिनिटे थंडगार होत राहते. एकदा मी घड्याळ लावून पाहिले होते. घड्याळ लावण्याइतका माझा त्यांच्यात जीव गुंतलेला आहे.

याची सुरुवात पंधरा वर्षांपूर्वी झाली. त्या दिवशी माझ्या भाचीचे पहिले कम्युनियन, म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद होता. मला मूलबाळ नाही, लग्नच केले नाही. त्यामुळे ही एकुलती एक भाची म्हणजे माझ्या हिशेबी बरेच काही. मी माझी छोटी लाल पेट्रोल गाडी चर्चच्या आवारात आंब्याखाली लावली होती. तीच गाडी आजही आहे. पंधरा वर्षे झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतली. चर्चमधली मिस्सा संपली, पायऱ्यांवर घरच्यांचा फोटो काढायचे ठरले. भावोजींची तेव्हाची नवी गाडी झेंडूच्या माळा घालून बाजूला उभी केलेली होती, कारण तीही घरचीच. फोटोग्राफर म्हणाला की कडेला एक लाल गाडी फ्रेममध्ये येते आहे.

भावोजी म्हणाले, "ती डबी तेवढी बाजूला करा रे."

चावी माझ्या खिशात होती आणि मी आत फादरांशी बोलत होतो. मला हाक मारण्याची कोणाला गरज वाटली नाही. भावोजींच्या धंद्यावरची सहा माणसे जेवायला आली होती. खडीची पोती उचलणारे हात ते. त्यांनी चारी बाजूंनी वाकून माझी गाडी उचलली आणि भिंतीजवळ शौचालयाच्या कडेला नेऊन ठेवली. मी बाहेर आलो तर आंबा होता, गाडी नव्हती. ती सापडेपर्यंत फोटो काढून झाला. त्या फोटोत बहीण आहे, पांढऱ्या झग्यात भाची आहे, भावोजी आहेत, माळा घातलेली गाडी आहे, आणि कोपऱ्यात ज्याला अजून कोणी ओळखलेले नाही असा एक गृहस्थ आहे. मी नाही.

धर्म क्षमा करायला सांगतो. किती वेळा करायची याचाही आमच्याकडे एक आकडा आहे. तो मोठा असला तरी मर्यादित आहे, आणि मी गणिताचा शिक्षक, मोजत होतो.

भावोजींनी मोजणीला मदत केली. घरी आम्ही आमची बोली बोलतो, पण माझ्याविषयीचे विनोद ते चारचौघांत, शुद्ध मराठीत करत, म्हणजे बाहेरून आलेल्या पाहुण्यांचीही गैरसोय होऊ नये. "मास्तरांच्या गाडीला पेट्रोल लागत नाही, प्रार्थना लागते." "मास्तर, गाडीत बसलात की गाडी घातलीत?" एका लग्नात त्यांनी मला विचारले की पाऊस आला तर मी गाडी घरात घेतो का. लोक हसले. मीही हसलो. हसल्याचे वेगळे मोजले.

मग एका वर्षी नाताळच्या जेवणात पुण्याच्या कोणी पाहुण्याने दोघांनाही सहज विचारले, "गाडी किती देते?"

मी म्हणालो, "अठरा."

भावोजींनी ग्लास उचलला, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "आपण ते बघत नाही."

त्या क्षणी मला कळले की शत्रूचा किल्ला कुठे पडका आहे. उंची, रंग, आवाज, मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत लिहिलेले आडनाव, यांत मी त्यांना कधी गाठणार नव्हतो. पण एका लिटरमध्ये किती किलोमीटर, या एका प्रश्नापुढे ते पाणी पितात. मी तिथे तळ ठोकला.

अठराचे तेवीस करायला मला सात वर्षे लागली. त्यात यंत्राची करामत काही नव्हती, फक्त स्वभाव बदलावा लागला. दर आठवड्याला, सकाळी, टायर गार असताना हवा तपासायची. डिकीत स्टेपनी आणि पान्याखेरीज काही ठेवायचे नाही, छत्री घरी. चप्पल काढून गाडी चालवायची, म्हणजे ॲक्सिलरेटर तळव्याला कळतो. इंजिन कुरकुरण्याआधीच वरचा गिअर टाकायचा. दूरवर सिग्नल लाल दिसला की तिथूनच पाय उचलायचा आणि गाडी आपली आपण संथ होऊ द्यायची. बऱ्याचदा आपण पोहोचेपर्यंत तो हिरवा होतो आणि थांबावेच लागत नाही. पुढच्या ट्रकपासून एवढे अंतर ठेवायचे की त्याच्या मनात काय आहे ते दिसावे. ब्रेक हा कबुलीजबाब असतो: आपण थोड्या वेळापूर्वी उगाच घाई केली होती याचा. मी दिवसातून फार कमी वेळा कबूल होत असे.

गाडी चालवताना मी कोणाचा विचार करत असे हे सांगायला नको.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. भाचीला कामणच्या एका गोदामाच्या कार्यालयात नोकरी लागली. माल आला किती, गेला किती, कोणत्या गाडीने, हे सगळे ती बघते, आणि उत्तम बघते. पण सांडोरहून कामणला जायचे म्हणजे रिक्षा, मग बस, मग महामार्गावरून पुन्हा रिक्षा. ती स्कूटरवर जाऊ लागली. पावसाळ्यात चिंचोटीच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तिचे पुढचे चाक गेले आणि ती पडली. मागून येणारा कंटेनर वेळेत थांबला. हाताला आठ टाके पडले. माझ्या बहिणीने त्याच संध्याकाळी स्कूटरची चावी तांदळाच्या डब्यात टाकली आणि सांगितले, "महिन्याअखेर चार चाकांची सोय झाली तर नोकरी. नाहीतर घर." माझी बहीण क्वचित बोलते आणि बोलली की ते होते.

भावोजींना ही संधी वाटली. त्यांच्या मनात नवी, हिच्याहूनही उंच गाडी भरली होती. जुनीचे काय करायचे हा प्रश्न होता. त्यांनी जाहीर केले की सध्याची गाडी लेकीला देणार. "गाडी माझी भेट. डिझेल मात्र तिचं तिनं घालायचं. जबाबदारी कळली पाहिजे."

भाची दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. टाके घातलेला हात ओटीवरच्या बाकावर ठेवून म्हणाली, "मामा, ती गाडी रोज कामणला नेली तर माझा निम्मा पगार टाकीत जाईल. मग नोकरी कशाला करायची? डिझेलसाठी?"

"मग नको म्हण."

"नको म्हटलं तर डॅडी म्हणणार, भेट नाकारली. मग मम्मी म्हणणार, घरी बस. ते दोघं नंतर भांडतील, पण नोकरी माझी जाईल."

मी तिला सांगितले की माझ्यासारखी एक जुनी छोटी गाडी घे, तुझ्या बचतीत बसेल. ती म्हणाली की डॅडी हसतील. मी म्हणालो, हसू देत. ती म्हणाली, "तुझ्यावर हसतात तसं माझ्यावर हसले तर मला नाही सहन होणार." हे वाक्य तिने अगदी साधेपणाने उच्चारले. मीही ते साधेपणाने ऐकून घेतले आणि यादीत टाकले, भावोजींच्या नावावर.

पुढच्या रविवारी बहिणीकडे जेवायला गेलो. भाजलेल्या कोंबडीचे भुजिंग होते, रस्सा होता, पाव होते. भावोजी प्रसन्न होते. मी ताटाकडे बघत म्हणालो, "भावोजी, एकदा मोजून तरी बघू. कामणला जाऊन-येऊन तुमची गाडी किती देते आणि माझी किती. पोरीला आकडा कळला की तिचं ती ठरवेल."

"मास्तर, तुमची गाडी कामणपर्यंत जाते?"

"जाते. तुमच्यापेक्षा चार मिनिटं उशिरा."

"मोजा की. मला काय." ते पाव मोडत म्हणाले, "एकच सांगतो, माझी गाडी ताकदीची आहे. हत्ती बसवा आत, तिला कळणारसुद्धा नाही."

बहीण म्हणाली, "हत्ती कशाला? तुम्ही बसताच की." आणि रस्सा वाढला.

ठरले असे: येत्या शुक्रवारी भाचीला सुट्टी होती. तिच्या कामाच्याच वेळी निघायचे, तिच्या सुटण्याच्या वेळीच परतायचे. आदल्या संध्याकाळी दोघांनी एकाच पंपावर टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचे, आणि परत आल्यावर तिथेच पुन्हा फुल करायची. जेवढे मावेल तेवढे खर्च झाले. भाची जाताना माझ्या गाडीत, येताना बापाच्या. एका फेरीवरून काढलेला ॲव्हरेज शास्त्राला पुरत नाही हे मला माहीत आहे. सुडाला पुरतो.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. गुरुवारी मी एक फोन केला.

कामणला आमची मावशी असते. तिचा मुलगा तिकडच्याच गोदामात लागल्यापासून ती सून-नातवंडांसह तिथे राहते. आमच्याकडे एक रीत आहे, ती कोणी लिहून ठेवलेली नाही आणि मोडलेलीही नाही: नात्यातली गाडी दारात आली आणि वसईकडे जायला निघाली, तर तिच्यातली जागा रिकामी जाऊ द्यायची नाही. जो बसेल तो बसतो, जे मावेल ते चढते. गाडीवाल्याने विचारायचे नसते आणि ‘नाही’ तर म्हणायचेच नसते. छोट्या गाडीला लोक दया दाखवतात. मोठ्या गाडीला क्षमा नाही.

मी मावशीला एवढेच म्हणालो, "उद्या भावोजी कामणला येताहेत. संध्याकाळी गाडी रिकामीच परत जाईल."

पलीकडे मावशीने आधी नातवंडांना गप्प केले. मग मावशी म्हणाली, "सात मानसांची ना रे ती?"

"सात माणसांची."

"बरं केलंस सांगितलंस."

यात एकही शब्द खोटा नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी हवा तपासली, डिकी उघडून पाहिली, स्टेपनीकडे बघून क्षणभर विचार केला, आणि कामणचा रस्ता आठवून ती राहू दिली. भाची शेजारी बसली. भावोजी धून वाजवत उलटे निघाले.

वाटेत त्यांनी मला सात वेळा ओव्हरटेक केले. याचा अर्थ मी त्यांना सहा वेळा गाठले. त्यांची पद्धत अशी: पुढे मोकळे दिसले की गाडी गर्जते, शंभर पावलांवर रिक्षा आडवी येते, लाल दिवे लागतात. मी मागून आपल्या चालीने येतो आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहतो. उभा राहतो म्हणजे, बहुधा राहावे लागत नाही, तोवर वाट सुटते आणि मी पुढे जातो. उड्डाणपुलावर मात्र सगळेच अडकले. मी इंजिन बंद केले.

मागून हॉर्न सुरू झाले. भाची सीटमध्ये खाली सरकली. "मामा, मागचा शिव्या देतोय."

"देऊ दे. त्याला पेट्रोल लागत नाही."

"पुढे सरकली रांग."

"दोन फूट सरकली. दोन फुटांसाठी स्टार्टर मारत नाही मी. दहा होऊ देत."

"तू रोज असाच चालवतोस?"

"रोज."

 गोखिवऱ्याच्या पुढे महामार्ग लागला तेव्हा तिने माझ्या अनवाणी पायाकडे पाहिले, मग काट्याकडे. काटा पन्नासच्या जरा खाली होता आणि तिथून हलत नव्हता. चिंचोटी फाट्यावर वळल्यानंतर खड्डे सुरू झाले. आपण जिथे पडलो ती जागा तिने बोटाने दाखवली. मी त्या खड्ड्याला वळसा घातला, ब्रेक न लावता. भावोजी त्यात गेले, मग त्यांनी ब्रेक लावला, मग गर्जना केली. मला बरे वाटले. अशा बरे वाटण्याबद्दल पापकबुलीत काय सांगायचे असते ते मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

आम्ही चार मिनिटे उशिरा पोहोचलो.

दुपारी मावशीकडे जेवण झाले. भावोजींनी तीनदा सांगितले की एसीत बसल्यामुळे त्यांना प्रवास जाणवलाच नाही. संध्याकाळी निघायची वेळ झाली तेव्हा मावशी नवे लुगडे नेसून दारात उभी होती. शेजारी सून, दोन नातवंडे, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे वसईला जायचे असलेले पलीकडच्या घरातले आजोबा. अंगणात तांदळाच्या दोन गोण्या, एक कोहळा.

भावोजींनी सगळ्यांकडे पाहिले. "हे काय?"

"चार दिस राहीन म्हणते लेकीकडे," मावशी म्हणाली. तिच्या लेखी माझी बहीण म्हणजे लेकच. "एवढी मोठी गाडी एका मानसासाठी घेऊन आलास, माझ्याच मनाला लागलं."

भावोजी माझ्याकडे वळले. मी माझ्या गाडीच्या पुढच्या टायरकडे बघत होतो.

"मास्तरांच्या गाडीत बसा की कोणीतरी," ते म्हणाले.

मावशीने माझ्या गाडीकडे दयेने पाहिले. "तिला कशाला त्रास? ती म्हातारी झाली."

भावोजींना नाही म्हणता आले असते. पण त्यासाठी त्यांना म्हणावे लागले असते की आपल्या गाडीला वजन झेपत नाही, किंवा झेपते पण डिझेल जास्त लागते, आणि यांतले काहीही त्यांच्या तोंडून कधी निघालेले नव्हते. त्यांनी डिकी उघडली. गोण्या चढल्या. माणसे चढली. भाची मागे, मधोमध, मांडीवर कोहळा घेऊन बसली. मी काच वर करून एकटाच निघालो, आणि कामण ते महामार्ग एवढा सुखाचा प्रवास मी आयुष्यात केलेला नाही. आरशात ती उंच गाडी खड्ड्याखड्ड्यात दबत येत होती. सातिवलीजवळ धाकट्या नातवाला मळमळले. भावोजी कडेला थांबले. इंजिन चालूच होते, एसी चालूच होता. ते मी गती कमी करून पाहून घेतले.

पंपावर मी आधी पोहोचलो. माझ्या टाकीत दोन लिटर मावले. शेहेचाळीस किलोमीटर झाले होते, तेवीस. मग भावोजी आले. त्यांच्या टाकीत पाच लिटर मावले. पंपावरच्या माणसाने नोझल काढला, झाकण लावले, आणि तो माझ्याकडे बघू लागला, कारण मी गाडीतून उतरून, चप्पल घालून, चालत आलो होतो.

मी पंधरा वर्षांत हा प्रश्न त्यांना विचारला नव्हता. योग्य वेळेसाठी जपून ठेवला होता.

"भावोजी, किती देते?"

त्यांनी पावतीकडे पाहिले. मग टायरकडे. "वजन होतं."

"हत्ती नव्हता."

आतून मावशीचा आवाज आला, "कोन हत्ती?"

 पंपावरच्या माणसाने मनातल्या मनात भागाकार केला आणि मोठ्याने सांगितले, "नऊच्या वर थोडं, साहेब." त्या अनोळखी माणसाला मी वीस रुपये दिले. एरवी मी असले काही करत नाही.

त्या रात्री मला छान झोप लागली. सुडाविषयी वाईट बोलणाऱ्यांनी तो नीट घेतलेला नसतो.

रविवारी संध्याकाळी भाची आली. मी तिच्यासाठी जुन्या छोट्या गाड्यांची चौकशी करून ठेवली होती. पापडीला एक चांगली होती, एकाच हातची. ती ओटीवर बसली आणि म्हणाली, "मामा, मी डॅडींची गाडी घेतेय."

मी पापडीच्या गाडीची चिठ्ठी परत खिशात घातली.

"मावशीआजीनं गाडीत सगळं सांगितलं. तू फोन केला होतास ते. ती तुझं कौतुक करत होती, किती काळजी घेतो म्हणून. डॅडी पुढे ऐकत होते."

"काय म्हणाले?"

"काही नाही. एसी वाढवला." तिने पाय हलवले. "तू फोन केलास ते बरंच झालं. नाहीतर माझ्या लक्षात आलं नसतं. मी मागे बसले होते, दोन्ही बाजूंनी माणसं, मांडीवर कोहळा. करायला काही नव्हतं, म्हणून हिशेब करत होते. एका लिटरला नऊ किलोमीटर. गाडीत माणसं सात. नऊ साते?"

"त्रेसष्ट," मी म्हणालो. चौतीस वर्षांची सवय. समोरून पाढा आला की उत्तर तोंडातून जाते.

"म्हणजे एका लिटरमध्ये त्रेसष्ट माणूस-किलोमीटर. आणि तुझी? सकाळी आपण दोघं होतो."

"शेहेचाळीस."

"येताना तू एकटा होतास."

याचे उत्तर तेवीस होते. तिने ते गृहीत धरले. मी शिकवत असताना ती असेच करायची, सोपी पायरी न लिहिता पुढे जायची. मी त्याचे गुण कापत असे.

"आमच्या ऑफिसात वसईकडून सहा जण येतात," ती म्हणाली. "भुईगावच्या दोघी, गिरीजचा एक, बाकीचे स्टेशनजवळचे. सगळे वेगवेगळे येतात, सगळे उशिरा येतात. मी सगळ्यांना विचारलं. रोज एकाच गाडीतून जायचं, डिझेल आळीपाळीनं प्रत्येकानं टाकायचं. माझी पाळी सात वेळांतून एकदा. तुझी छोटी गाडी घेतली असती तर मला याच्यापेक्षा जास्त लागलं असतं. मम्मीला सांगितलं. ती हो म्हणाली."

"आणि डॅडी?"

"ते खूश आहेत. त्यांची नवी गाडी बुक झाली काल."

पंधरा वर्षांच्या तपश्चर्येचे फळ असे भावोजींच्या पदरात पडले, आणि तेही माझ्या फोनमुळे. मी काही वेळ वाडीकडे बघत बसलो. केळीच्या पानांत या विषयावर काही लिहिलेले नव्हते. तिच्या गणितात चूक शोधायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. सातवा माणूस आजारी पडला तर? तरी चौपन्न. दोघे पडले तर? पंचेचाळीस, तरी मी एकटा असण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट.

"मामा," ती उठताना म्हणाली, "मला तुझ्यासारखं चालवायला शिकवशील? डॅडींसारखं नको."

एवढे एक हाती लागले. ते मी सोडले नाही. पुढचे चार रविवार मी त्या उंच गाडीत तिच्या शेजारी बसलो. चढायला पायरी लागते. तिला चप्पल काढायला लावली, दुरून पाय उचलायला शिकवले, उड्डाणपुलावर इंजिन बंद करायला शिकवले. पहिल्या रविवारी मागून हॉर्न वाजले तेव्हा ती सीटमध्ये खाली सरकली नाही. दुसऱ्या रविवारी भावोजी त्यांच्या नव्या गाडीतून आमच्या बाजूने गेले, काच खाली केली, आणि म्हणाले, "मास्तर, अखेर बसलात म्हणायचं माझ्या गाडीत." मी मोजले. आता मोजून काय करायचे आहे ते ठाऊक नाही, पण मोजले.

भाची रोज वेळेवर पोहोचते. तिची नोकरी पक्की झाली, पगार तिच्याकडेच राहतो. सात माणसे भरून ती गाडी आता तिच्या हाताखाली लिटरला बारा देते. बारा साते चौऱ्याऐंशी. माझी अजून तेवीस देते, आणि तिच्यात मी एकटा असतो.